मांजरीचे देणे

सुट्ट्या लागल्या की पालक आमच्याकडे येतात ते अभ्यासाचे प्रश्न घेऊन नव्हे. या वेळी एका विद्यार्थिनीच्या अम्मीने विचारले, "मांजर आता घरातच ठेवतो. दोन वेळ पोटभर देतो. तरी रात्री भांडी पाडते, पडदे ओरबाडते, मुलांच्या पायांना चावते. हिचे काय बिघडले?"

बिघडले काहीच नाही. तिला काम उरले नाही, एवढेच.

आपल्या मुकुटबनात मांजर अर्धी घरची आणि अर्धी गल्लीची असायची. धान्याची कोठी, कापसाचा ढीग, शेजारचा गोठा अशी तिची दिवसभर फेरी चाले. आता रस्त्यावर कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक धावतात, मोकाट कुत्री आहेत, उंदरांसाठी विष टाकलेले असते. म्हणून काही घरे मांजर आत ठेवू लागली. ते योग्यच आहे. पण दार लावले की तिची शिकारही बंद होते.

मांजर कोंडून ठेवल्याबद्दल शिक्षा झालेल्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण त्यातून घेतो तो धडा बहुतेक एवढाच, की मुक्या जिवाला उपाशी ठेवू नये. पण तिथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या स्त्रीने मांजरीला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे जीव शोधून खावेत म्हणून मोकळेही सोडले नाही. आम्ही आलिम नाही, शिक्षक आहोत. आम्हाला त्यातून एवढे कळते की दार आपण लावले, तर दारापलीकडे तिला जे मिळत होते ते आपण तिला देणे लागतो. अन्न आपण वाटीत देतो. शिकार वाटीत देता येत नाही, ती खेळातूनच द्यावी लागते.

खेळ म्हणजे शिकारच

मांजर खेळते तेव्हा नीट पाहा. आधी टक लावून बघते, मग दबकत पुढे सरकते, धावते, झडप घालते, शेवटी पंजात धरून चावते. शिकारीच्या पायऱ्या याच आहेत. म्हणून खेळणे तिच्या तोंडासमोर नाचवू नका. कोणता उंदीर मांजरीच्या तोंडात स्वतःहून येतो? खेळणे तिच्यापासून दूर पळाले पाहिजे, दाराआड लपले पाहिजे, मध्येच थांबून थरथरले पाहिजे. अधूनमधून ते तिच्या हाती लागू द्या. भिंतीवर फिरणारा लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, त्याने ती नुसती चिडते. शिवाय तो किरण डोळ्यांना घातक आहे.

ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये बाहेर हिंडणाऱ्या मांजरींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्यांनी रोज ५ ते १० मिनिटे खेळवलेल्या मांजरींनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. एवढ्याशा खेळानेही तिची शिकारीची ओढ काही प्रमाणात भागते, असे यावरून दिसते.

खेळणी घरातच आहेत

पऱ्हाटीची एक लांब, सरळ काडी घ्या आणि टोके घासून गुळगुळीत करा. तिला जुन्या ओढणीची बोटभर रुंद पट्टी घट्ट बांधा. पट्टीच्या टोकाला कापडाची लहान पुरचुंडी शिवा. आत कापूस भरा, पण शिवण पक्की हवी, कापूस बाहेर येता कामा नये. एवढ्याने उत्तम छडी तयार होते.

किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे खोके आणा आणि दोन बाजूंना पंजा जाईल एवढी भोके पाडा. आत कागदाचा बोळा टाका. जुन्या मोज्यात कापूस भरून गाठ मारली की मागच्या पायांनी लाथा मारायला उंदीर झाला. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत तिच्या जेवणातलेच उकडलेल्या कोंबडीचे तुकडे लपवले, तर ती नाकाने आणि पंजाने शोधून खाते. वाटीतले जेवण दोन मिनिटांत संपते, या ट्रेने वेळ चांगला जातो.

अंगणात पावसाळ्यात आपोआप उगवणारी खोकली ही वनस्पती अनेकांना माहीत असेल. तिच्या मुळाच्या वासाने पुष्कळ मांजरी लोळण घेतात. मूळ धुऊन जाड कापडात शिवून द्या, पण खाऊ घालू नका. वास पुरे.

सगळी खेळणी एकदम काढू नका. साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिले तर मांजर कंटाळते, वेगळे दिले की पुन्हा सरसावते. दोन बाहेर ठेवा, बाकीची डब्यात ठेवून आठवड्याने बदला.

वेळ कोणती?

मांजर दिवसाचे बारा-चौदा तास झोपते. पहाटे आणि दिवस मावळताना ती सर्वांत चपळ असते. म्हणजे फजरनंतर आणि मगरिबनंतर, जेव्हा आपले घरही जागे असते. या दोन वेळी दहा-दहा मिनिटे काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी खेळवूच नका. ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर लगेच थांबा आणि पाणी ठेवा.

खेळ संपला की जेवण द्या. शिकार, मग खाणे, मग अंग चाटणे, मग झोप, हा तिचा क्रम आहे. रात्रीचे जेवण खेळानंतर दिले, तर मध्यरात्रीची भांडी पडणे पुष्कळ कमी होते. जेवणात दुधाचा आग्रह नको. अनेक मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, जुलाब होतात.

जपण्याच्या गोष्टी

लोकर, शिलाईचा दोरा, मांजा, रबर, चमकी हे मांजरीच्या पोटात गेले तर आतडी गोळा होऊन जीव जाऊ शकतो. मांजरीच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे अडकलेला दोरा तिला थुंकता येत नाही. तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तर ओढू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. छडीसुद्धा खेळ झाला की कपाटात ठेवा.

मुलांना सांगा, आपला हात हे खेळणे नाही. लहानपणी बोटे चावू दिली की मोठेपणी तीच सवय राहते. दात किंवा नख लागलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजरीलाही रेबीजची लस टोचून घ्या.

हे काम घरातल्या एका मुलाकडे सोपवा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नाव त्यांच्या मांजरीच्या पिल्लावरून पडले, हे त्याला सांगा. मग त्याच्या हातात पऱ्हाटीची काडी द्या आणि रोजच्या दहा मिनिटांची आठवण करून देत राहा. पहिला आठवडा आठवण द्यावी लागेल. पुढे मांजर स्वतःच त्या वेळी कपाटापाशी येऊन बसेल.