दीड मिनिटाचा प्रश्न

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये दोन समज पक्के बसले आहेत. एक, ती फक्त ‘हुशार’ मुलांसाठी असते. दुसरा, ती आपल्या मुलांसाठी नसते. अर्ज भरायचे दिवस आले की हे दोन्ही समज पुन्हा कानावर पडतात आणि ज्यांनी अर्ज भरायला हवा ते पालक गप्प बसतात. राखीव जागा, दाखले, माध्यम यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्या परीक्षेतल्या एका तासाबद्दल बोलायचं आहे.

परीक्षा दोन तासांची. ८० प्रश्न, १०० गुण. अंकगणिताचे २० प्रश्न, भाषेचे २०, आणि राहिलेले ४० प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे. या ४० प्रश्नांना ५० गुण आणि ६० मिनिटं. त्यात वाचायला जवळजवळ काहीच नसतं, सगळ्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, मालिकेत पुढे काय येईल, आरशात कशी दिसेल, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडला तर भोकं कुठे पडतील, मोठ्या आकृतीत लहान आकृती कुठे लपली आहे. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न.

म्हणजे निम्मी परीक्षा भाषा विचारतच नाही. मूल उर्दू माध्यमाचं असो, मराठी माध्यमाचं असो, घरी दखनी बोलणारं असो, त्रिकोण सगळ्यांना त्रिकोणच दिसतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. तेव्हापासून आपल्या सभांमध्ये माध्यमाच्या अडचणीवर भाषणं होतात, आणि ती अडचण खरीच आहे. पण इथे ५० गुण असे आहेत, जिथे ती आडवी येत नाही. तरी ते हातचे जातात. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी वस्तीतल्या शाळेच्या एका खोलीत पाचवीच्या मुलांना मी या आकृत्या शिकवतो आहे. माझा पोटापाण्याचा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा, त्यामुळे आकृत्या हे माझं रोजचंच काम. माझं म्हणणं असं आहे की आपल्या मुलांना आकृती दिसते. त्यांना वेळ दिसत नाही, कारण तो कोणी दाखवलेलाच नसतो.

आकृती दिसते हे मी उगाच म्हणत नाही. आपल्या वस्तीतली कामं पाहा. सुतारकाम, शिलाई, वेल्डिंग, गॅरेज, ग्रिलचं काम. शिलाईकाम करणाऱ्या घरातली एक मुलगी माझ्याकडे येत होती. घडीच्या कागदाचा प्रश्न मी फळ्यावर काढला आणि समजावून सांगायच्या आतच तिने उत्तर दिलं. विचारलं तर म्हणाली, अम्मी कुर्त्याचा गळा असाच कापते. कापड चार पदरी करायचं, कोपऱ्यात पाव गोल कापायचा, उलगडलं की पूर्ण गोल. जे मूल रोज हे बघतं त्याला भोकं मोजायला शिकवावं लागत नाही. भोक जितक्या थरांतून गेलं तितकी भोकं, एवढंच सांगायचं. तेवढ्याने बहुतेक वेळा चारपैकी एकदोन पर्याय लगेच बाद होतात आणि उरलेल्यात फक्त जागा पाहायची राहते. या प्रश्नाला तिला अर्धं मिनिटही लागत नव्हतं.

हीच मुलगी पहिल्या सराव परीक्षेत मागे पडली. आरशाच्या प्रतिमेचा एक प्रश्न अडला आणि ती तिथेच बसून राहिली. पाच मिनिटं, सहा मिनिटं. वेळ संपली तेव्हा शेवटच्या दोन प्रकारांचं पान तिने उलटलंही नव्हतं, आणि कागदाच्या घडीचे चारही प्रश्न त्याच पानावर होते.

असं का होतं, तर आपली शाळा तेच शिकवते. पहिलं गणित पूर्ण करा, मग दुसरं. अर्धं सोडलेलं काम म्हणजे आळस. वही तपासताना मधली रिकामी जागा दिसली की बाई विचारतात, हे का सोडलं? नियमाने वागणारं, मान खाली घालून लिहिणारं मूल हे वळण नीट उचलतं, आणि अशा परीक्षेत तेच अडकतं. वर्गातली चळवळी पोरं, ज्यांचा कशावरच जीव टिकत नाही, ती तीस सेकंदांत कंटाळून पुढे जातात आणि आठ-दहा प्रश्न जास्त सोडवतात. मी पाहिलेल्यांपैकी मुली जास्त अडकतात. त्या कमी हुशार असतात म्हणून नव्हे; ‘सोडून दे’ असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नसतं म्हणून. एक मुलगी तर भीतभीत विचारायची, “सर, ये छोड दूँ तो मार्क कट जाएगा ना?” चुकीच्या उत्तराला इथे गुण कापले जात नाहीत. सोडलेल्या प्रश्नालाही नाहीत. हे ऐकून तिला खरं वाटायला दोन रविवार लागले.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मनातल्या मनात आकृती फिरवायला किती वेळ लागतो हे रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मोजलं. आकृती जितक्या जास्त कोनातून फिरवायची, तितका वेळ वाढत जातो, तोही जवळपास सरळ प्रमाणात. म्हणजे दोन प्रश्न एकाच प्रकारचे, एकाच गुणाचे असले, तरी एकाला दुसऱ्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. प्रश्नपत्रिका मात्र दोघांनाही सरासरी दीड मिनिटच देते. पुढच्या संशोधनातून आणखी दोन गोष्टी दिसल्या. आकृतीच्या या कौशल्यात सरावाने सुधारणा होते. २०१३ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून हा निष्कर्ष निघाला. आणि आकृती फिरवण्याच्या कागदी चाचण्यांत मुलगे आणि मुलींच्या गुणांत जो फरक दिसतो, तो वेळेची मर्यादा कडक असताना मोठा असतो आणि सैल केल्यावर कमी होतो. ‘मुलींचं डोकं भूमितीत चालत नाही’ म्हणणाऱ्या आपल्या मामा-चाचांनी हे जरूर ऐकावं. नवोदयमध्ये निदान एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. त्या जागांवर कोणाच्या मुली बसतील हे बऱ्याच अंशी त्या एका तासात ठरतं.

मग शिकवायचं काय? मी दीड मिनिटाचा हिशोब मुलांना सांगतच नाही, तो मोठ्यांचा हिशोब आहे. मुलांना सहा मिनिटं कळतात. चार प्रश्नांचा एक प्रकार, त्याला सहा मिनिटं, अशा दहा पाळ्या. रमजानचं वेळापत्रक आपल्या घरोघरी भिंतीवर असतं, इफ्तारची मिनिटं पोरांना तोंडपाठ असतात. पण मिनिट वाट बघण्यासाठी वापरणं वेगळं आणि काम करण्यासाठी वापरणं वेगळं. म्हणून आधी घड्याळ झाकून ठेवायचं, चार प्रश्न द्यायचे, आणि सहा मिनिटं झाली असं वाटलं की हात वर करायचा. सुरुवातीला कोणी तीन मिनिटांत हात वर करतं, कोणाचा दहा झाली तरी नाही. महिनाभरात बहुतेकांचा अंदाज बसतो. माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा धडा आहे, आणि बाजारातल्या कुठल्याच गाईडमध्ये तो मला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत चाळिसाच्या चाळीस प्रश्नांवर नजर गेलीच पाहिजे. आकृती पाहिली, उत्तर दिसलं तर घेतलं. नाही दिसलं तर पुस्तिकेत प्रश्नाच्या आकड्याभोवती गोल करायचा आणि पुढे जायचं. मनात तीसपर्यंत मोजून होईपर्यंत मार्ग दिसला नाही तर तो प्रश्न दुसऱ्या फेरीचा. सरावलेली मुलं पहिली फेरी पस्तीस-चाळीस मिनिटांत संपवतात. उरलेला वेळ गोल केलेल्या प्रश्नांना. गंमत अशी की दुसऱ्यांदा पाहताना त्यातले निम्मे लगेच दिसतात. डोळा मधल्या वेळात दुसरीकडे फिरून आलेला असतो.

प्रत्येक प्रकाराची आपली एक पकड असते, ती थोडक्यात सांगतो. मालिकेत सगळी आकृती एकदम बघायची नाही; एकच ठिपका किंवा एकच बाण धरायचा, तो कसा सरकतो ते पाहायचं आणि पर्याय गाळायचे. आरसा बाजूला उभा असेल तर वरचं वर, खालचं खाली राहतं, फक्त डावं-उजवं बदलतं. लपलेली आकृती शोधताना तिची सगळ्यांत लांब किंवा सगळ्यांत विचित्र रेघ आधी शोधायची. तुकडे जोडून आकृती करायची असेल तर आधी तुकडे मोजायचे.

उत्तरपत्रिकेबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण आलेले गुण तिथे जातात. पाचवीचं मूल एरवी पेन्सिलने लिहितं आणि खोडरबर हाताशी ठेवतं. इथे निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल भरायचा, आणि एकदा भरला की बदलता येत नाही. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. जे मूल रबराच्या भरवशावर मोठं झालंय त्याचा हात इथे थरथरतो. शिवाय प्रश्न सोडून पुढे गेलं की उत्तरपत्रिकेतली ओळही सोडावी लागते. सतरावा सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्या ओळीत भरलं, तर तिथून पुढचं सगळं एकेक ओळ सरकतं. म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवसापासून बॉलपेन, आणि गोल भरण्याआधी प्रश्नाचा आकडा ओठांत म्हणायचा. शेवटची पाच मिनिटं उरली की राहिलेल्या सगळ्या ओळी भरून टाकायच्या. चारातला एक पर्याय बरोबर असतोच, आणि रिकाम्या ओळीला काहीच मिळत नाही.

काही जण म्हणतात, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना घड्याळाला जुंपणं बरं नाही. मलाही ते फारसं आवडत नाही. चाचणीतली घाई कमी असती तर ती मुलांची समज अधिक न्याय्यपणे मोजू शकली असती, असं माझं मत आहे आणि ते मांडत राहायला हवं. पण परीक्षा आज आहे ती अशी आहे, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते; या वर्गासाठी दुसऱ्यांदा बसता येत नाही. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांच्या. आपल्या बऱ्याच वस्त्या नगरपालिकेच्या हद्दीत येतात, म्हणजे तिथल्या मुलांना उरलेल्या जागांसाठीच झगडायचं असतं. तालुक्याच्या गावी खासगी क्लासवाले वर्षभराचे हजारो रुपये घेऊन नेमकं हेच शिकवतात: आकृती कमी आणि घड्याळ जास्त. ज्यांना पैसे परवडतात त्यांची मुलं घाईला सरावून येतात. आपली मुलं त्या दिवशी पहिल्यांदा घाई बघतात. निकाल लागला की आपण म्हणतो, बुद्धीची परीक्षा होती.

महाराष्ट्रात अमरावतीला नवोदय सुरू झालं ते १९८५-८६ साली, देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक. दुसरं हरियाणात झज्जरला. इतकी वर्षं ही शाळा आपल्या जवळ आहे. सहावी ते बारावी शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून काही विद्यार्थ्यांना विकास निधी द्यावा लागतो, तो मुलींना माफ आहे. तरी ‘मुलगी एवढी लांब वसतिगृहात कशी राहणार’ म्हणून अर्ज भरलेल्या मुलीला परीक्षेला न पाठवणारी घरं मला माहीत आहेत. त्या घरांशी वाद घालण्यापेक्षा मी एक करतो. मुलीची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका अब्बांच्या हातात देतो आणि पहिल्या रविवारची तिच्या शेजारी ठेवतो. एका वर्षी त्यातल्या एका अब्बांनी दोन्ही बराच वेळ पाहिल्या आणि परीक्षेचं केंद्र कुठे आहे, एवढंच विचारलं.

हे सगळं करायला एक भिंतीवरचं घड्याळ, झेरॉक्सचे कागद, बॉलपेनचं एक खोकं आणि रविवारचे दोन तास लागतात. अभियंता असावं लागत नाही. नकाशा वाचता येणारा कोणीही मिस्त्री, कापड बेतणारी कोणतीही बाई हे शिकवू शकते. प्रत्येक मोहल्ल्यात असं कोणी ना कोणी आहे. जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आपलीच माणसं असतात. त्यांनी येत्या बैठकीत रविवारच्या खोलीच्या चावीचा विषय घ्यावा. आमच्याकडे तो ठराव व्हायला दोन वर्षं लागली, आणि अडचण एकच होती, नंतर खोली झाडणार कोण.