निझामाची रयत आणि कलम २१

१७ सप्टेंबर जवळ आला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. चौकात, ‘मुसलमानांच्या राज्यातून सुटलो.’ आणि आपल्या घरात कुणी वडीलधारं सुस्कारा टाकतं, ‘तेव्हा आपलं राज्य होतं.’ मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

कसलं आपलं राज्य? निझामाचं गश्ती निशाण ५३ सांगत होतं, सभा घ्यायची तर आधी परवानगी. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती धड स्थापन होण्याआधीच बंदी आली. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मारला गेला तो मुसलमान, लिहीत होता ती उर्दू. त्यांच्या कलमाला जपणारं एकही कलम त्या रियासतीत नव्हतं.

चौकातल्या वक्त्यांनाही एक विचारतो. पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार इथं फिरून गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार माणसं मारली गेली, असं त्यांच्या अहवालात आहे. रझाकारांनी ज्यांना लुटलं त्यांचं दुःख खरंच. पण रझाकाराचा गुन्हा शेजारच्या मुसलमानाच्या माथी मारला, तो कोणत्या कायद्यानं?

औंधच्या राजानं १९३९ मध्ये राज्यघटना देऊन कारभार रयतेकडे सोपवला. मन मोठं, मान्य. तरी देणारा राजाच. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र घटना. केंद्राची हक्कांची सनद राज्यांना बांधत नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं १८३३ मध्ये सांगितलं होतं. आपल्या घटनाकारांनी ही पळवाटच ठेवली नाही. कलम १२ प्रमाणे ‘राज्य’ म्हणजे दिल्ली, मुंबईचं विधिमंडळ आणि आमची अणदूरची ग्रामपंचायतसुद्धा. मूलभूत हक्क मोडणारा कायदा यांपैकी कुणीही केला, तरी तो कोर्टात टिकत नाही.

याचा प्रत्यय २०१६ मध्ये आला. आदल्या वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला होता. परराज्यात कापलेल्या गोवंशाचं मांस घरात सापडलं तरी गुन्हा, आणि निर्दोष आहोत हे आरोपीनंच सिद्ध करायचं. अर्जदारांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. ६ मे रोजी मुंबई हायकोर्टानं ही दोन्ही कलमं रद्द केली. माणसानं घरात काय खावं यात सरकारनं डोकावणं म्हणजे कलम २१ चा भंग, हे कोर्टाला पटलं. बैलांच्या कत्तलीवरची बंदी मात्र कायम ठेवली. ते मला पटलेलं नाही.

त्या निकालानं खूश झालेल्या आपल्या लोकांना विचारतो: उद्या जमातीतली एखादी सज्ञान मुलगी आपल्या मर्जीनं नवरा निवडून हेच कलम २१ घेऊन हायकोर्टात गेली, तर तुमच्यातले किती जण तिच्या बाजूनं उभे राहणार?