लाभांशामागचे भांडवल

निवृत्तीनंतर नियमित उत्पन्न हवे असलेल्या गुंतवणूकदाराला बँकेचा शेअर सुचवताना सल्लागाराच्या टिपणात लाभांश परतावा, म्हणजे प्रतिशेअर वार्षिक लाभांशाचे बाजारभावाशी असलेले शेकडा प्रमाण, बहुधा सर्वांत वर मांडलेला असतो. वस्तुतः हा आकडा मूल्यमापनाच्या शेवटी यायला हवा, कारण बँकेचा लाभांश जितका नफ्यावर अवलंबून असतो तितकाच तिच्या भांडवलावर आणि नियामकाच्या भूमिकेवरही अवलंबून असतो.

बँक स्वतःच्या भांडवलाच्या अनेक पट रक्कम ठेवीदारांच्या पैशातून कर्जाऊ देते, त्यामुळे कर्जांचा लहान हिस्सा बुडाला तरी भांडवलाचा मोठा हिस्सा नाहीसा होतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2005 च्या परिपत्रकाद्वारे लाभांशासाठी तीन प्रमुख अटी घातल्या: भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत भांडवल, किमान 9 टक्के असावी, तरतुदी वजा जाता उरणारी निव्वळ अनुत्पादित कर्जे 7 टक्क्यांहून कमी असावीत, आणि नफ्यातील लाभांशाचा वाटा 40 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. एप्रिल 2020 मध्ये महामारीमुळे 2019-20 च्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास मनाई झाली, आणि ती सुदृढ बँकांनाही लागू होती.

भारतीय स्टेट बँकेची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिने 2016-17 साठी प्रतिशेअर 2.60 रुपये दिले. 2017-18 मध्ये 6,547 कोटी रुपयांचा तोटा झाला आणि त्या वर्षापासून सलग तीन वर्षे भागधारकांना लाभांश मिळाला नाही. पुढे 2020-21 साठी 4 रुपये, तर 70,901 कोटी रुपयांचा निव्वळ नफा झालेल्या 2024-25 साठी 15.90 रुपये जाहीर झाले. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्रही जून 2017 ते जानेवारी 2019 या काळात त्वरित सुधारात्मक कारवाईच्या, म्हणजे कमकुवत बँकेवर लाभांशासह अनेक निर्बंध आणू शकणाऱ्या चौकटीच्या, कक्षेत होती.

स्टेट बँकेचा 2024-25 चा लाभांश नफ्याच्या सुमारे 20 टक्के होता. शेअरचा भाव 800 रुपये धरल्यास लाभांश परतावा 2 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावर भागधारकाच्या हातात त्याच्या टप्प्यानुसार प्राप्तिकर लागत असल्याने 30 टक्के दराच्या करदात्याकडे, उपकर सोडून, जेमतेम 1.4 टक्के उरतात. त्यामुळे अशा शेअरचे खरे मूल्य राखून ठेवलेल्या 80 टक्के नफ्यात शोधावे लागते: भागधारकांच्या निधीवर 15 टक्के परतावा टिकला, तर त्याच्या चार-पंचमांश, म्हणजे वर्षाला 12 टक्के दराने पुस्तकी मूल्य वाढू शकते. मात्र ही वाढ नव्या कर्जांचा दर्जा राखला गेला तरच खरी ठरते, आणि पुस्तकी मूल्याच्या फार वरच्या पटीने शेअर घेतल्यास तिचा बराचसा लाभ आधीच मोजून दिलेला असतो.

लाभांश परतावा भाव घसरल्यामुळेही फुगलेला दिसू शकतो, म्हणून असामान्यपणे मोठा आकडा दिसल्यास चौकशी अधिक कसून व्हायला हवी. कारण भावातील घसरण बँकेच्या दुर्बलतेमुळे असेल, तर लाभांशच नव्हे, मुद्दलही जाऊ शकते: लक्ष्मी विलास बँकेचे 2020 मध्ये डीबीएस बँक इंडियात विलीनीकरण होताना तिचे भागभांडवल पूर्णतः निर्लेखित झाले आणि भागधारकांच्या हाती काहीही उरले नाही.

म्हणून सल्लागाराच्या टिपणात आधी भांडवल पर्याप्तता, मग अनुत्पादित कर्जे व त्यांवरील तरतुदी, त्यानंतर किमान दहा वर्षांचा लाभांशाचा इतिहास रिकाम्या वर्षांसह, पुढे पुस्तकी मूल्याशी भावाची तुलना आणि अखेरीस करोत्तर परतावा, असा क्रम असावा. लाभांश हे ठेवीवरील व्याजासारखे कराराने बांधलेले देणे नाही, हे अशिलाला लेखी सांगणे आणि लाभांश न मिळालेल्या वर्षांतही त्याचा घरखर्च चालेल अशी सोय शेअर खरेदीपूर्वी करून देणे, हे या व्यवसायाचे कर्तव्य आहे.