फावडं वाकलं, तर दोष कुणाचा?

एनएसएसच्या शिबिराला गेला असाल, तर हा सीन तुम्ही पाहिलाच असेल. पहिल्या दिवशी कोरी करकरीत फावडी वाटली जातात. दुपारपर्यंत मुरमात एखाद्याची कड दुमडते आणि सगळे त्या मुलालाच हसतात, ‘तुला धरता येत नाही रे!’ मीही हसले होते. आता वाटतं, हसायला नको होतं. चूक हाताची नव्हती, पोलादाची होती.

आणि हे पोलाद तपासता येतं. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्या लॅबमधलं रॉकवेल मशीन आठवा. हिऱ्याचं शंकूसारखं टोक 150 किलोच्या भाराने पोलादात दाबायचं. टोक जितकं कमी रुतेल, तितका कडकपणा जास्त. तो ‘एचआरसी’मध्ये मोजतात. एका चाचणीला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात.

पण नुसता कडकपणा म्हणजे दर्जा नव्हे. खुरपं मऊ असेल तर धार लगेच बोथट होते. उलट हातोडीचं तोंड गरजेपेक्षा कडक झालं, तर ते ठिसूळ होतं आणि घाव घालताना त्याची कपची उडून थेट डोळ्यात जाऊ शकते. म्हणून लंबकाचा घाव घालून चिवटपणा मोजणारी चार्पी चाचणी असते. छाटणीच्या कात्रीला गंज किती लवकर चढतो, हे बघायला 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा 35 अंश सेल्सिअसला मारतात.

गावचा लोहार हे सगळं डोळ्यांनी करतो. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून तो विळ्याला पाणी पाजतो. त्याच्या अनुभवाला माझा सलाम. पण ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड दर वेळी सारखंच निघेल, याची खात्री त्यालाही नसते.

मग अडतं कुठे? आपण फोन घेताना रॅम, बॅटरी, प्रोसेसर सगळं विचारतो. फावडं घेताना फक्त भाव विचारतो. आणि त्यावर स्टिकर असतो, ‘बेस्ट क्वालिटी’. म्हणजे नेमकं काय, ते कुठेच लिहिलेलं नसतं. हातोडीसाठी आयएस 841 हे भारतीय मानक आहे, पण दुकानात उभं राहून ते विचारतो कोण?

कुणी म्हणेल, टेस्टिंग केलं की भाव वाढणार. थोडा वाढेलही. पण आज स्वस्ताईची किंमत कोण मोजतंय? नाशिकच्या द्राक्षबागेत दिवसभर छाटणी करणारा मजूर. कात्री बोथट झाली की जोर त्याच्या मनगटाला लावावा लागतो. फाटे फुटतात ते वेलीला आणि फोड येतात ते त्याच्या हाताला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांमधली ही मशिन्स प्रॅक्टिकल संपलं की कव्हर घालून बसतात. महिन्यातून एक दिवस ती गावातल्या लोहारांसाठी, छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी खुली करा. कॉलेजने दिलेला आकडा म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, हे मान्य. पण आपलं पाणी नेमकं कुठे चुकतंय, हे लोहाराला कळेल. आणि आपल्यालाही जर्नलमध्ये सीनिअरचं रीडिंग उतरवण्यापेक्षा खरं काहीतरी मोजायला मिळेल.

तोवर निदान एवढं करा. अवजारावर आयएसआय मार्क असेल, तर त्याखालचा लायसन्स नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. मार्क नसेल, तर दुकानदाराला विचारा, ‘काका, हे टेस्ट केलंय का?’ तो हसेल. हसू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर द्यावंच लागेल.