मशीन बंद केलं, तरी क्लाउडचं बिल का येतं?



"सर, बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर टाकू का?" बीड, अंबाजोगाई, माजलगावची नवउद्योजक मंडळी असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: टाका, पण आधी त्याचं बिल वाचायला शिका.

"जेवढं वापराल तेवढेच पैसे द्या," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. गिऱ्हाइकं किती आली, याच्याशी मशीनच्या भाड्याचा संबंध नसतो. मशीन किती वेळ चालू राहिलं, त्यावर मीटर फिरतं. जेसीबी तासावर बोलावला आणि बांधावर नुसता उभा ठेवला, तरी मालक तासाचे पैसे घेणारच ना?

हिशोब करू. समजा भाडं तासाला ४ रुपये आहे. महिन्याचे सरासरी ७३० तास धरले, तर झाले २,९२० रुपये. तेच मशीन रोज १२ तास, महिन्यातले २६ दिवस चालवलं, तर ३१२ तासांचे १,२४८ रुपये. निम्म्याहून कमी!

आता खरी मेख ऐका. ‘बंद’ या शब्दाचे इथे तीन अर्थ आहेत.

१. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युरवर मशीनच्या आत जाऊन विंडोज शटडाऊन केलं, तरी भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून स्टॉप करून ‘डीअलोकेटेड’ असं दिसलं, तरच ते थांबतं.

२. भाडं थांबलं, तरी डिस्कचे पैसे लागतात, कारण तुमचा डेटा तिथेच पडून असतो. घराला कुलूप लावलं, तरी महावितरणच्या बिलात स्थिर आकार येतोच, तसं.

३. काम कायमचं संपलं असेल, तर मशीन डिलीट करा. सोबतच्या डिस्क, स्नॅपशॉट आणि आयपी पत्ता उरलाय का, तेही बघा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६ डॉलर. वर १८ टक्के जीएसटी वेगळा.

एक किंवा तीन वर्षांचा करार केला, तर दर बराच कमी पडतो. पण सीताफळाचा गर विकणाऱ्याचा धंदा हंगामापुरता असतो. त्याने स्वस्त दराला भुलून वर्षभराचा करार केला, तर रिकाम्या महिन्यांचेही पैसे भरावे लागतील. हंगामी धंद्याला तासावरचं भाडंच बरं, असं माझं मत आहे.

तेव्हा पहिल्याच दिवशी तीन कामं करा. खात्यात बजेट अलर्ट लावा. मात्र नुसता अलर्ट मेल पाठवतो, मशीन थांबवत नाही, हे ध्यानात ठेवा. रात्री मशीन आपोआप बंद होईल, अशी वेळ लावा. आणि दर सोमवारी बिलाचं पान उघडून एकेक ओळ वाचा.

किराणा दुकानदार तागडीवर नजर ठेवतो, कारण त्याचा नफा ग्रॅममध्ये असतो. तुमचा नफाही तेवढाच बारीक आहे. ज्या मीटरचा आकडा आपल्याला वाचता येत नाही, त्याला आपलं कार्ड जोडू नका.