हाताची आठवण

गवयाच्या घरचे मूल गवईच व्हावे, असा आपल्याकडे समज. मँचेस्टरचे संगीतसमीक्षक लँगफर्ड यांच्या कन्या ब्रेंडा मिल्नर (जन्म १९१८) यांनी मात्र मेंदूचा अभ्यास पत्करला. तरी संगीताचे ऋण त्यांनी फेडलेच, असे मला वाटते.

कॅनडात मॉन्ट्रियल येथे त्यांनी संशोधन केले. १९५३ साली अमेरिकेत मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थाला नवे काहीच आठवणीत राहत नसे. बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. पण हे आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दाद नव्हती! हाताची आठवण निराळी, हे १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले.

माझे वडील दरबारचे सतारिये. ते शिष्याला म्हणत, ‘सांगू नकोस, वाजव.’ आणि मी? गत बिनचूक वाजवणाऱ्या मुलीला परवा स्वरलिपी लिहिता आली नाही म्हणून नापास केले. चूक माझीच. स्वरलिपी अवश्य शिकवावी. पण विद्या आली की नाही, हे आधी हातालाच विचारावे.