विभाग पाडण्याचा अधिकार कुणाचा?

साहित्याच्या अध्यापनासाठी 'ई-मजकूर' तयार करणे हे काम आता मराठी विभागांच्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत निरुपायाने जे सुरू झाले, त्याची पुढे रीत झाली. मूडलसारख्या साधनात नवा अभ्यासक्रम उघडायचा, समोर येणाऱ्या रिकाम्या विभागांना नावे द्यायची आणि हाताशी असलेली जुनी टिपणे कापून त्यांत भरायची. या रीतीला आमचा विरोध आहे. साधनाशी आमचे भांडण नाही. मूडल २००२ पासून मुक्तपणे उपलब्ध आहे आणि ते कुणावर कसली सक्ती करीत नाही. आमचा आक्षेप आहे तो विभाग पाडणे हे कारकुनी काम समजण्याला. कोणता मजकूर कुठे तोडायचा, कशाशेजारी काय ठेवायचे, कोणत्या नावाखाली ठेवायचे, हे ठरवणे म्हणजे संहितेचा अर्थ लावणेच होय. तो समीक्षेचा प्रांत आहे.

हे म्हणणे नवे आहे असा आमचा दावा नाही. मराठीत या प्रश्नाचा विचार सातशे वर्षांपूर्वी झालेला आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचे वचन लीळेच्या पोटात येते. कुणीतरी येते, काही विचारते, काही घडते आणि त्या ओघात स्वामी बोलतात. पुढे केसोबासांनी ही वचने लीळांतून वेगळी काढली आणि 'विचार', 'आचार', 'उद्धरण' अशा प्रकरणांत लावली. हाच 'सूत्रपाठ'. आजच्या भाषेत बोलायचे तर मराठीतील 'आशयाच्या विभागीकरणा'चा हा आद्य प्रयोग. त्यातून तत्त्वज्ञान एका नजरेत दिसू लागले, हा लाभ मोठाच. परंतु वचन प्रसंगातून सुटले की ते कुणाला उद्देशून होते, त्यात उपहास होता की सांत्वन, हे कळेनासे होते. पंथीय अभ्यासकांना ही हानी जाणवली असली पाहिजे. एरवी कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले हे सांगणारे 'प्रकरणवश' स्वतंत्रपणे रचण्याचे कारण नव्हते. आधी तोडले, मग तोडलेल्या जागा जोडून देणारा दुसरा ग्रंथ लिहिला. आमच्या ई-मजकुरात पहिली क्रिया तत्परतेने होते. दुसरीचे कुणाला स्मरणही नसते.

आता आजची विभागणी पाहा. दूरशिक्षणाच्या पुस्तकांनी रूढ केलेला साचा सर्वांना पाठ आहे : उद्दिष्टे, प्रस्तावना, विषयविवेचन, सारांश, स्वाध्याय. तोच उचलून पडद्यावर नेला जातो, मग पाठ लीळाचरित्राचा असो, बखरीचा असो वा एखाद्या दलित आत्मकथनाचा. विद्यार्थ्याने एक ओळ वाचण्यापूर्वीच त्याला वाचून काय साध्य होणार हे सांगून टाकलेले असते. शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. 'दृष्टान्तपाठा'तील आंधळे आणि हत्ती यांच्या दृष्टान्तावर 'हत्ती सुपासारखा आहे असे कोणी म्हटले?' असा प्रश्न सहज निघतो, आणि त्याचे उत्तर यंत्राला तपासता येते. दृष्टान्त सूत्राला खरोखर कितपत लागू पडतो, केसोबासांचे दार्ष्टान्तिक त्याचा अर्थ खुला करते की बंदिस्त करते, हे प्रश्न यंत्राला तपासता येत नाहीत. म्हणून त्यांना विभागच मिळत नाही.

या वृत्तीच्या मुळाशी एक जुनी कल्पना आहे. अशा साधनांतून पाठांच्या देवाणघेवाणीसाठी 'स्कॉर्म' नावाची प्रमाणव्यवस्था वापरली जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ च्या सुमारास हाती घेतलेल्या उपक्रमातून ती निघाली. एकदा बनवलेला प्रशिक्षणाचा तुकडा कोणत्याही प्रणालीत, कोणत्याही अभ्यासक्रमात बसवता यावा, हा तिचा हेतू. तसे व्हायचे तर तुकडा स्वयंपूर्ण हवा. 'मागे आपण पाहिलेच आहे' असे वाक्य त्यात आले की तो दुसरीकडे बसणार नाही. यंत्राची दुरुस्ती शिकवताना हे धोरण शहाणपणाचे असेल. साहित्याच्या तासाला मात्र सारे अध्यापन 'मागे आपण पाहिलेच आहे' या वाक्यावर उभे असते! ते वाक्य काढा, आणि उरेल ती गाइड.

यावर आमचे काही प्राध्यापक मित्र म्हणतील की पडद्यावर लांब मजकूर कुणी वाचत नाही; विभाग पाडले नाहीत तर विद्यार्थी पहिल्या परिच्छेदातच गळतो. त्यांचे निरीक्षण आम्ही नाकारत नाही. अठरा अध्यायांची सोय ज्ञानेश्वरीच्या वाचकालाही लागतेच. पण विभाग हवेत याचा अर्थ कोणतेही विभाग चालतील असा होत नाही. मूडलमधील 'पुस्तक' या घटकात प्रकरण आणि उपप्रकरण अशा दोनच पातळ्या मिळतात. ही मर्यादा अडचणीची वाटते खरी. तथापि तिच्यात एखादे उपप्रकरण लीळेला संपूर्ण देता येते, पुढचे तिच्यातून उचललेल्या सूत्राला देता येते आणि सूत्रावरून लीळेकडे परत नेणारा दुवाही घालता येतो. म्हणजे प्रकरणवशाचे काम एका टिचकीत होते. हे कुठे केलेले आम्हांला आजवर क्वचितच दिसले, आणि त्याचा दोष आम्ही तरी यंत्राला देणार नाही.

आमची मागणी साधी आहे. मराठीचा ई-मजकूर तपासणाऱ्या समित्यांनी चित्रफीत आहे काय, प्रश्नपेढी आहे काय, याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : हा मजकूर येथेच का तोडला? लेखकाने त्याचे चार ओळींचे उत्तर प्रत्येक पाठाच्या आरंभी, उद्दिष्टांच्या जागी, लिहावे. आणि विभागांची नावे पहिल्या वाचनापुरती कोरी ठेवावीत. ती विद्यार्थ्यांकडून मागवली, तर एकाच लीळेला कुणी 'आचारा'त घालील, कुणी 'विचारा'त. त्यानंतर त्यांच्यापुढे केसोबासांची विभागणी ठेवावी आणि तास सुरू करावा.